मांजराच्या पिसवांचं औषध: निवडायचं कसं, टाकायचं कसं आणि बहुतेकांचं नेमकं कुठे चुकतं

"महिन्यापूर्वी औषध टाकलं, तरी परत पिसवा, आता काय करू?" हा प्रश्न मला सारखा येतो. जरा खोदून विचारलं की कळतं औषध चांगलंच होतं, पण मांजराचं वजन कधी केलेलं नव्हतं, किंवा औषध केसांवरच राहिलं आणि कातडीपर्यंत पोचलंच नाही, किंवा घरात तीन मांजरं असून जे खाजवत होतं त्या एकालाच टाकलं. आणि मधेच एखादा मेसेज असा येतो की पोटात गोळाच येतो: "कुत्र्याचं औषध उरलं होतं, त्यातलं थोडंसं टाकलं, आता मांजर थरथरतंय."

म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. एखादी पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका, कारण पुढची पायरी तिच्यावरच उभी आहे.

सगळ्यात आधी: कुत्र्याचं औषध मांजराला थेंबभरही नाही

कुत्र्यांच्या बऱ्याच स्पॉट-ऑन औषधांत, म्हणजे मानेच्या कातडीवर थेंब टाकायच्या औषधांत, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, काहींमध्ये तर ४० टक्क्यांच्याही वर. कुत्र्याला ते सोसतं. मांजराच्या लिव्हरला ते मोडून शरीराबाहेर टाकणं नीट जमतच नाही, त्यामुळे ते अंगात साठत राहतं आणि नसांवर परिणाम करतं. "आमचं मांजर मोठं आहे", "अर्धाच डोस दिला", "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" ही तिन्ही वाक्यं मी ऐकलेली आहेत आणि तिन्हींवर विसंबू नका.

माझ्या ओळखीतल्या एका मांजराच्या बाबतीत हे जवळून पाहिलंय. संध्याकाळी औषध टाकलं, रात्री ते पंजे झटकायला लागलं, जसं काही ओल्यात पाय पडलाय, आणि कानाची टोकं आपोआप फडफडत होती. घरच्यांना वाटलं पिसवाच चावतायत. पहाटे त्याला फिट आली. ते वाचलं, पण दोन दिवस सलाइनवर होतं. ती कानाची फडफड ओळखता आली असती तर रात्रीच दवाखाना गाठला असता, म्हणून इतकं सविस्तर सांगतेय.

याच रांगेत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि अमिट्राझ येतात, म्हणजे गोचीड मारायला गुरांसाठी किंवा कुत्र्यांसाठी पाण्यात घालून वापरायची ती औषधं. तीही मांजराला नाहीत.

पायरी १: पिसवाच आहेत ना, ते बघा

खाजवतंय म्हणजे पिसवा असं धरून चालू नका. कानातले माइट्स (डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे), फंगस, उवा, ॲलर्जी, सगळ्यात मांजर खाजवतं. आणि उलटही होतं, मांजर स्वतःला इतकं चाटून साफ करतं की पिसवा असूनही तुम्हाला एकही दिसत नाही.

उवा-लिखा काढायची बारीक दातांची फणी घ्या, मांजरासाठी मिळते ती असेल तर अजून चांगलं. शेपटीच्या मुळापासून पाठीवरून मानेकडे, मग मानेभोवती आणि हनुवटीखाली हळूहळू फिरवा, दात कातडीला लागले पाहिजेत. शेजारी साबणाचं पाणी भरलेली वाटी ठेवा, पिसू सापडली की फणी लगेच त्यात बुडवायची, नाहीतर ती उडी मारून जाते.

पिसू न सापडता नुसते काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवून थोडं दाबा. मिनिटभरात कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही आला तर साधी धूळ-माती. ही परीक्षा मला सगळ्यात विश्वासाची वाटते, कारण पिसू पळते, विष्ठा पळत नाही.

तपासा: हिरड्या बघा. गुलाबी असायला हव्यात. पिल्लू मलूल आहे आणि हिरड्या फिकट किंवा पांढरट दिसतायत तर पिसवांनी त्याचं रक्त धोकादायक पातळीपर्यंत कमी केलेलं असू शकतं. तिथे औषध निवडत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

पायरी २: वजन, वय आणि तब्येत कागदावर लिहा

वजन अंदाजाने सांगू नका. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. पिल्लू असेल तर छोटा काटा, वर डबा ठेवून. लांब केसांची मांजरं दिसतात त्यापेक्षा बरीच हलकी निघतात, आणि अंदाज चुकतो तो नेहमी जास्तच धरला जातो.

वय महिन्यांत नको, आठवड्यांत लिहा, कारण लेबलवर आठवडेच असतात. त्याखाली हे लिहा: गाभण आहे का, पिल्लांना दूध पाजतेय का, कधी फिट आली आहे का, किडनी-लिव्हरचं काही दुखणं आहे का, सध्या कुठलं औषध चालू आहे, आणि पिसवांसाठी शेवटचं काय वापरलं व कोणत्या तारखेला. हा शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात, आणि मग कॉलर गळ्यात असताना वरून स्पॉट-ऑन पडतं, म्हणजे दोन औषधं एकदम.

पायरी ३: बॉक्सवरचं नाव सोडा, मागचा घटक वाचा

खरी निवड इथे होते, म्हणून इथे थोडं थांबते. एकाच ब्रँडचे कुत्र्याचे आणि मांजराचे बॉक्स शेजारी ठेवले तर फरक कधीकधी फक्त कोपऱ्यातल्या चित्राचा असतो. त्यामुळे नाव लक्षात ठेवण्यापेक्षा मागे बारीक अक्षरात "सक्रिय घटक" म्हणून जे लिहिलेलं असतं ते वाचायची सवय लावा. खाली जी वयं देतेय ती नेहमी दिसणारी आहेत, तुमच्या हातातल्या बॉक्सवर जे छापलंय तेच अंतिम.

फिप्रोनिल: मानेवर टाकायचं. बहुतेक मांजरांच्या स्पॉट-ऑनवर ८ आठवडे आणि १ किलोच्या वर असं असतं. सोबत एस-मेथोप्रीन असलेलं घेतलं तर अंडी आणि अळ्यांचीही वाढ थांबते, आणि घरात पिसवा पसरल्या असतील तर माझं मत त्याच्याच बाजूने आहे. घरात ससा असेल तर एक लक्षात ठेवा, फिप्रोनिल सशाला विषारी आहे. त्याला तर टाकायचं नाहीच, पण ताजं औषध लावलेल्या मांजराशेजारीही त्याला बसू देऊ नका.

इमिडाक्लोप्रिड: हेही मानेवर, साधारण ८ आठवड्यांपासून. पिसवांवर चांगलं चालतं, गोचिडीवर नाही. मॉक्सिडेक्टिनसोबतही येतं, त्यात काही जंतही जातात, पण मग वयाची मर्यादा थोडी वर जाते आणि चाटू न देण्याची काळजी जास्त घ्यावी लागते.

सेलामेक्टिन: पिसवांसोबत कानातले माइट्स आणि काही जंतांवरही काम करतं, पिसवांच्या अंड्यांवरही. कान खाजवणारं, जंत झालेलं, रस्त्यावरून आणलेलं पिल्लू असेल तर पशुवैद्य बऱ्याचदा हेच देतात.

फ्लुरालेनर, सारोलानर: ही नव्या गटातली औषधं. फ्लुरालेनरच्या एका डोसचं काम जास्त टिकतं, पिसवांवर साधारण १२ आठवडे. या गटातल्या औषधांनी काही जनावरांना थरथर किंवा फिट येऊ शकते असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. बहुतेक मांजरांना काही होत नाही, पण ज्याला आधी फिट येऊन गेली आहे त्याच्यासाठी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

निटेनपायरम: गोळी. अर्ध्या तासात पिसवा मरायला लागतात, आणि साधारण एका दिवसात औषधाचा असर संपतो. मांजर पिसवांनी बेजार झालंय, लगेच आराम हवाय, तर उत्तम. पण नुसती ही गोळी देऊन थांबलात तर परवा पुन्हा तेच. स्पिनोसॅडची गोळी महिनाभर चालते, ती खाण्यासोबत द्यायची, काही मांजरांना उलटी होते.

कॉलर: फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिडची, मांजरासाठीच म्हणून मंजूर झालेली कॉलर काही महिने चालते. फ्लुमेथ्रिन हे पर्मेथ्रिनच्याच कुळातलं आहे, पण कॉलरमधून ते अगदी थोडं थोडं सुटतं म्हणून चालतं. त्यावरून कुत्र्याची कॉलर कापून लहान करून घातली तर चालेल असा अर्थ काढू नका. अडकली तर झटकन सुटणारी हवी, आणि खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, कारण नकली कॉलर खूप फिरतात. आत काय आहे तेच लिहिलेलं नसेल तर ती कॉलर नकोच.

थांबा: आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन "पिसवांसाठी" म्हणून घेऊ नका. पिसवांवर त्याचा म्हणावा तसा परिणाम होत नाही आणि गुरांसाठीचं तीव्र औषध मांजरासाठी मोजताना जराशी चूक झाली तरी जिवावर बेतू शकतं.

आणि घरगुती उपायांचं स्पष्टच सांगते. लसूण खायला घालणं मांजराला अपायकारक आहे, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. टी-ट्री तेल, निलगिरी, लवंग तेल, लिंबा-संत्र्याच्या सालीचं तेल, कापूर, डांबराच्या गोळ्या, यातलं काहीही अंगावर किंवा बिछान्यात नको. कडुलिंबाच्या तेलाबद्दल लोक वाद घालतात, "नैसर्गिक आहे हो" म्हणतात. पण मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घालतं, आणि कडुलिंबाच्या तेलानेही मांजरांना लाळ गळणं आणि थरथर झालेली आहे. फणी आणि साबणाचं पाणी हा खरा घरगुती उपाय, आणि तो खरंच उपयोगी आहे.

पायरी ४: टाकायच्या दिवशी

दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ नको. इथे फार गडबड होते, लोक आधी शांपूने घसाघसा धुतात आणि त्याच संध्याकाळी ओल्या अंगावर पिपेट, म्हणजे औषधाची छोटी प्लॅस्टिकची नळी, रिकामं करतात. बरीचशी स्पॉट-ऑन औषधं कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतात, ते तेलच धुऊन टाकलं तर औषध पसरणार कशातून?

मांजर जेवून सुस्तावलेलं असताना घ्या, हातात मोजे घाला. मग हा क्रम:

१. पिपेट उभं धरा, टोक वर, बोटाने हलकं टिचकवा म्हणजे औषध खाली जाईल, मग टोक उघडा.

२. जागा निवडा: डोक्याच्या कवटीच्या अगदी मागे, मानेच्या वरच्या टोकाला. खांद्यांच्या मधे टाकलं तर लवचिक मांजराची जीभ तिथपर्यंत पोचते.

३. दोन बोटांनी केस बाजूला करा, कातडीची गुलाबी-पांढरी रेघ स्पष्ट दिसेपर्यंत. रेघ दिसली नाही तर टाकू नका, पुन्हा भांग पाडा.

४. पिपेटचं टोक कातडीला टेकवून दाबा आणि दाबलेलंच ठेवून उचला, सोडलं तर औषध परत आत ओढलं जातं.

५. चोळू नका.

तपासा: केसांवर मोठा ओला ठिपका राहिलाय आणि कातडी कोरडीच आहे, तर ते औषध केसांवरच गेलं. लगेच दुसरं पिपेट टाकायचं नाही. तारीख लिहा आणि पुढचा डोस कधी ते डॉक्टरांना विचारा.

सुकेपर्यंत मांजरांना वेगवेगळ्या खोलीत ठेवा, ती एकमेकांना चाटतात. लहान मुलांनाही त्या जागी हात लावू देऊ नका. मोठ्या मांजराचं किंवा कुत्र्याचं पिपेट विभागून दोघांत टाकायचं हा प्रकार तर बंदच करा, सुई-सिरिंजने मोजून केलं तरी.

चाटलंच तर तोंडाला फेस आणि भरपूर लाळ येते, कारण ही औषधं फार कडू असतात. पाणी किंवा थोडं ओलं खाणं द्या, बहुतेकदा थोड्या वेळात थांबतं. पण लाळेसोबत थरथर, लडखडणं, कानाची फडफड यातलं काही दिसलं तर तो कडूपणा समजू नका.

चुकून पर्मेथ्रिन लागलं तर

लक्षणं बहुधा काही तासांत येतात, पण एक-दोन दिवस उशिरानेही येऊ शकतात, म्हणून "अजून तर ठीक आहे" म्हणत वाट बघू नका. आधी डॉक्टरांना फोन. मांजर शुद्धीत आहे आणि झटके नाहीत तर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने ती जागा धुवा, टॉवेलने पुसा, अंग गार पडू देऊ नका. पाणी गरम नको आणि गारही नको, गार पडलं की थरथर वाढते. झटके येत असतील तर धुवायच्या भानगडीत पडू नका, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि निघा. तोंडात काहीच घालायचं नाही, दूध नाही, मीठ-पाणी नाही, उलटी काढायची नाही. औषधाचा बॉक्स सोबत न्या, डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

पायरी ५: त्याच दिवशी घर

अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा एकूण पिसवांपैकी साधारण ५ टक्केच मानल्या जातात. बाकी अंडी, अळ्या आणि कोष होऊन घरात पडलेल्या असतात. एक मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते, ती गुळगुळीत असतात, मांजराच्या अंगावरून घरंगळून ते जिथे झोपतं तिथे पडतात. अळ्या उजेडापासून पळतात, गालिच्याच्या मुळाशी, सोफ्याच्या फटीत, पलंगाखाली शिरतात. आणि कोष चिकट असतो, त्यावर धूळ बसते, आत फवारा पोचत नाही. कोषात पिसू काही महिने थांबू शकते आणि ऊब किंवा हालचाल जाणवली की बाहेर येते. बंद घर उघडल्यावर पाय ठेवताच पिसवा चावतात ते यामुळेच.

म्हणून मांजर जिथे झोपतं त्या चादरी, उशा, पांघरूणं ६० अंशावर किंवा कापड सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवा. उचलताना झटकू नका, घडी करून पिशवीत घालून न्या, नाहीतर अंडी रस्ताभर सांडतात. मग व्हॅक्यूम: सोफ्याची गादी उचलून खालची फट, भिंतीच्या कडा, पलंगाखाली. व्हॅक्यूमच्या हालचालीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, आणि आपल्याला तेच हवंय, कारण बाहेर आली की अंगावर येते आणि औषधाने मरते. पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. व्हॅक्यूम नसेल तर त्याच जागा झाडून ओल्या फडक्याने पुसा. पहिले दोन आठवडे शक्यतो रोज, मग एक दिवसाआड.

घरात फवारायचंच असेल तर मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन असलेला, म्हणजे अंडी-अळ्यांची वाढ थांबवणारा फवारा घ्या. पण घराच्या बऱ्याच फवाऱ्यांत पर्मेथ्रिनही असतं! घटक तिथेही वाचा. फवारताना मांजर बाहेरच्या खोलीत, पूर्ण सुकून हवा खेळली की मगच आत. माशांची टाकी असेल तर ती झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा, माशांना हे फार लवकर बाधतं.

घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला, न खाजवणाऱ्यालाही, त्याच दिवशी आपापलं औषध. कुत्र्याचं औषध निवडताना त्यात पर्मेथ्रिन नसलेलंच घ्या, मांजर कुत्र्याला बिलगून झोपतं. पर्मेथ्रिनवालं आधीच टाकून झालं असेल तर दोघांना किमान ३ दिवस वेगळं ठेवा.

८ आठवड्यांच्या आतली पिल्लं

मोठ्यांचं औषध कमी करून देऊ नका. रोज फणी, बिछाना रोज बदलायचा, गरज पडली तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, आणि लगेच पूर्ण कोरडं करून उबेत, कारण पिल्लं पटकन गारठतात. आईला काय चालेल ते डॉक्टरांना विचारून तिच्यावर उपचार करा, पिल्लांवर पिसवा तिच्याकडून येतात.

पायरी ६: पुढचे तीन महिने

दोन दिवसांनी फणी फिरवा, पिसवा खूप कमी किंवा मेलेल्या दिसायला हव्यात. त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात परत पिसवा दिसतील, कधी आधीपेक्षा जास्त, आणि नेमकं इथेच लोक घाबरून औषध बदलतात किंवा मुदतीच्या आत दुसरा डोस टाकतात. तसं करू नका. हे कोषातून नव्याने निघालेल्या पिसवांचं पीक आहे, मांजराच्या अंगावर येऊन तीही मरतील. डोस लेबलवरच्या तारखेलाच, आणि पिसू दिसेनाशी झाली तरी किमान ३ महिने न चुकता.

मधल्या काळात शेपटीखालचे केस आणि झोपायची जागा बघत जा. तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे, कधी वळवळणारे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. मांजर स्वतःला चाटताना पिसू गिळतं, तिच्यातूनच हा जंत होतो. त्याचं औषध वेगळं, आणि पिसवा तशाच ठेवून दिलं तर जंत परत होणार.

वजन करून, कातडीवर टाकून, सगळ्या जनावरांना देऊन, घर साफ करूनही ३ महिन्यांनी फणीत पिसवा येतच असतील, किंवा पिसवा गेल्या पण पाठीवर बारीक खपल्या आणि चाटून चाटून टक्कल पडलंय, तर पशुवैद्यांकडे जा. काही मांजरांना पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असते, त्यांना दोन-चार चावेही पुरतात. जाताना तो वजनाचा कागद, रिकामा बॉक्स आणि डाग पडलेला टिश्यू सोबत घ्या.